कंसात लिहिलेलं एक वाक्य आणि बहिणीला न दाखवलेला रिपोर्ट

या वेळचं पत्र गोव्यातल्या माशेलच्या बाजूच्या एका गावातून आलंय. नाव छापू नको म्हणून सांगितलंय त्यामुळे थोडे तपशील गाळलेत, बाकी त्याच्याच शब्दात देते.

"ताई, नमस्कार. बाबांना (वय ६८) वर्षभर लघवीचा त्रास होता, रात्री चार चार वेळा उठायचे, आम्ही वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. मग कंबर धरली, चालवेना, तेव्हा पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट केली, तो २१२ आला. बायोप्सीत ग्लीसन ४+५ म्हणजे जोरात वाढणारा कॅन्सर, स्कॅनमधे हाडांत पसरलेलं. आता तीन महिन्यांचं इंजेक्शन आणि ॲबिराटेरोनच्या गोळ्या चालू आहेत, दुखणं बरंच कमी झालंय, पीएसए ९ वर आलाय. डॉक्टरांनी बायोप्सीच्या तुकड्यावरून जीन टेस्ट करायला लावली, त्यात बीआरसीए२ पॅथोजेनिक, टीपी५३ म्युटेशन आणि पीटेन लॉस असं आलंय. डॉक्टर म्हणाले हे ट्यूमर सप्रेसर जीन आहेत, आता बाबांच्या रक्ताची टेस्ट करा, मग मुलांची. बाबांना आम्ही कॅन्सर हा शब्द सांगितलेला नाही, प्रोस्टेटची गाठ एवढंच. धाकटी बहीण २८ वर्षांची, चवथीनंतर तिचा साखरपुडा आहे. थोरले काका म्हणतात, 'हें घरांतलें घरांतच उरूं दी', हा पुरुषांचा रोग, मुलीच्या डोक्याला ताप कशाला, आणि तिकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल. काका देवळात कौल पण लावणार आहेत, कुळाला काही लागलंय का बघायला (आत्या ४४ व्या वर्षी छातीच्या गाठीने गेली, आजी पण पन्नाशीत पोटात पाणी होऊन गेली). मी ३७ चा, मुलगा ५ वर्षांचा. मला हे होणार का, आणि बहिणीला सांगायचं की नाही, एवढं सांग."

भावा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. आत्या ४४ व्या वर्षी छातीच्या गाठीने, आजी पन्नाशीत पोटात पाणी होऊन. तू ते काकांच्या कौलाच्या ओघात लिहून पुढे गेलास, मी तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण बाबांचा बीआरसीए२ आणि ही दोन मरणं एका कागदावर मांडून जेनेटिक्सच्या कुठल्याही डॉक्टरसमोर ठेवलीस तर तो पहिल्यांदा तुझ्या बहिणीचं वय विचारेल. आता पन्नाशीतल्या बाईच्या पोटात पाणी व्हायला कारणं बरीच असतात, लिव्हर असतं, टीबी असतो, आजीच्या वेळी कोणी एवढं तपासलं नसणार, पण बीजांडकोशाचा म्हणजे ओव्हरीचा कॅन्सर हे त्यातलं एक मोठं कारण आहे. आणि बीआरसीए२ बिघडलेल्या घरात नेमकं हेच दिसतं, बायकांत स्तन आणि ओव्हरी, पुरुषांत प्रोस्टेट, मधेच कोणाला स्वादुपिंडाचा, क्वचित एखाद्या पुरुषालाही स्तनाचा. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बहिणीला सांगायचं, आणि साखरपुड्याच्या आधी सांगायचं. का ते आता सविस्तर सांगते, थोडं लांबेल, पण नीट वाच कारण हेच तुला काकांना समजवायचंय.

तुमच्या बाजूला खाजन शेतं आहेत, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली, म्हणजे बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) काय ते तुला मी सांगायला नको. भरती आली की नदीचं खारं पाणी वर चढतं, मानशीचं दार त्या पाण्याच्या जोरानेच मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. बांधाला कुर्ल्या बिळं पाडतात, म्हणून कोणीतरी बांधावरून फिरून बघत असतो, आणि कुठे खचलं की माती दगड घालून बुजवणारे लोक असतात. आपल्या प्रत्येक पेशीत अशीच व्यवस्था असते. पीटेन हे मानशीचं दार समज, 'वाढा, वाढा' असा जो निरोप पेशीला सतत मिळत असतो तो हा जीन अडवून धरतो. टीपी५३ हा बांधावरून फिरणारा माणूस, पेशीत कुठे मोडतोड दिसली की तो काम थांबवतो, दुरुस्ती करून घेतो, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. बीआरसीए२ हा भगदाड बुजवणाऱ्यांतला, डीएनएच्या दोन्ही दोऱ्या एकदम तुटल्या तर त्या हुबेहूब पूर्वीसारख्या जोडायचं काम याच्यावाचून नीट होत नाही. हे तिघंही गाठ होऊ देत नाहीत म्हणून त्यांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. जीन 'असणं' हा रोग नाही, हे जीन आपल्या सगळ्यांकडे आहेत आणि असायलाच हवेत, ते बिघडणं हा प्रश्न आहे. हे मुद्दाम लिहिते कारण 'त्यांच्या घरात कॅन्सरचा जीन आहे' असं गावात बोललं जातं आणि ते ऐकून पोरीबाळी घाबरतात.

आता दुसरी गोष्ट, यातल्या प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, म्हणजे एकामागे एक दोन बांध. एक फुटला तरी दुसरा पाणी अडवतो. आल्फ्रेड नूडसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७१ मधे लहान मुलांच्या डोळ्यातल्या एका कॅन्सरच्या ४८ केसेस बसून अभ्यासल्या आणि हे मांडलं, की ज्या मुलांना हा रोग घराण्यातून येतो त्यांचा एक बांध जन्मापासूनच फुटलेला असतो, त्यामुळे दुसरा फुटला की झालं, आणि बाकीच्यांच्या एकाच पेशीत दोन्ही फुटावे लागतात ज्याला वेळ लागतो. तो जीन आरबी१, पुढे सापडला, आणि तो प्रोस्टेटमधेही शेवटच्या टप्प्यात बऱ्याचदा बिघडतो. नूडसनचा हा हिशोब बीआरसीए२ ला बऱ्यापैकी तसाच लागतो. म्हणजे जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी माणूस आयुष्यभर धडधाकट राहू शकतो, त्याला कॅन्सर होणारच असं नसतं, फक्त त्याच्याकडे जादाचा बांध नाही. तुझ्या 'मला होणार का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं.

उरलेलं अर्धं बाबांच्या रक्तात आहे. बायोप्सीच्या तुकड्यावर केलेली टेस्ट गाठीत जे काही बिघडलंय ते सगळं एकत्र दाखवते, त्यातलं जन्माचं कुठलं आणि वय झाल्यावर फक्त त्या गाठीत बिघडलेलं कुठलं हे त्या टेस्टवरून खात्रीने कळत नाही. टीपी५३ आणि पीटेन प्रोस्टेटच्या गाठीत जवळपास नेहमीच नंतर बिघडलेले असतात, ते बाबांच्या गाठीपुरते, ते तुला नाही, बहिणीला नाही, तुझ्या मुलालाही नाही. (जन्मापासून टीपी५३ बिघडलेली घराणी असतात पण फार विरळ, आणि त्यांच्यात लहान मुलांना, तरुणांना वेगवेगळे कॅन्सर झालेले दिसतात.) बीआरसीए२ चं तसं नाही, गाठीत तो बिघडलेला सापडला तर साधारण निम्म्या लोकांच्या रक्तातही तो तसाच निघतो, म्हणजे जन्माचा. आणि ज्या घरात आत्या ४४ व्या वर्षी गेलीय तिथे मी तरी हे पारडं रक्ताकडेच झुकलेलं धरून चालेन. २०१६ साली एक अभ्यास छापून आला होता, प्रोस्टेट कॅन्सर शरीरात पसरलेल्या ६९२ पुरुषांच्या रक्ताची तपासणी केली तर ११.८ टक्के लोकांत डीएनए दुरुस्त करणारा एखादा जीन जन्मापासून बिघडलेला निघाला, आणि त्यात सगळ्यात जास्त बीआरसीए२. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात आधी असं काही झाल्याची नोंदही नव्हती. तुमच्याकडे तर नोंद आहे, फक्त ती कोणी नोंद म्हणून बघितली नाही.

एक बारीक गोष्ट, रक्ताच्या रिपोर्टात टीपी५३ चा उल्लेख आला तर लगेच हादरून जाऊ नका. वय वाढलं की काही माणसांच्या रक्तातल्याच पेशींत असे बदल आपोआप होतात, ते वडिलोपार्जित नसतात, पण रिपोर्टात दिसतात. तसंच 'अर्थ अनिश्चित' अशा प्रकारचं, डॉक्टर ज्याला व्हीयूएस म्हणतात ते लिहून आलं तर त्यावरून कोणी कसलाही निर्णय घ्यायचा नसतो. म्हणून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर ग्रूपमधे टाकून अर्थ लावत बसू नका, जेनेटिक काउन्सेलरकडून समजून घ्या.

आता काकांचं म्हणणं. 'पुरुषांचा रोग' हे त्यांचं वाक्य मी किती घरांतून ऐकलंय सांगू, आणि शिकलेल्या घरांतून पण. प्रोस्टेट पुरुषालाच असते हे खरं, पण बीआरसीए२ हा १३ व्या गुणसूत्रावर असतो, बाप तो मुलाला जितका देतो तितकाच मुलीला देतो, नाणं उडवल्यासारखं, निम्मी शक्यता इकडे निम्मी तिकडे. बाई डॉक्टरकडे गेली की 'घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर?' असं विचारतात आणि ती आई मावशी आजोळ एवढंच आठवते, बापाकडची आत्या आणि बापाकडची आजी तिच्या डोक्यात येतच नाही. तुमच्याकडे आजीकडून आत्याला आणि बाबांना आलं असेल तर तीच ओळ पुढे तुझ्याकडे आणि बहिणीकडे येते. आणि काकांकडे. हो, काकांकडे, ते त्याच आजीचे मुलगे आहेत ना, मग त्यांची स्वतःची निम्मी शक्यता आहे, आणि त्यांच्या मुलामुलींचा प्रश्न त्याच्यानंतर येतो. काकांनी आजवर पीएसए केलाय का? भाऊ आजारी पडलाय म्हटल्यावर जीन वगैरे बाजूला ठेवला तरी त्यांची स्वतःची प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट धरतात. काकांना हे शांतपणे सांग, भांडून नको, त्यांना वाटतंय की ते घराला वाचवतायत, आणि ज्याच्या डोळ्यासमोर आई गेली बहीण गेली आणि आता भाऊ आजारी पडलाय त्या माणसाला 'कुळाला काही लागलंय' असं वाटलं तर त्यात मला काहीच वेडेपणा दिसत नाही. कुळात काहीतरी चालत आलंय हे त्यांनी बरोबर ओळखलंय. त्यांना कौल लावू दे, गाऱ्हाणं घालू दे, तू पण हात जोड, आणि त्याच आठवड्यात त्यांचा पीएसए करून आण.

बहिणीचं थोडं नीट सांगते कारण घाई तिचीच आहे. समजा बाबांच्या रक्तात बीआरसीए२ निघाला, तर बहिणीला फक्त तेवढाच एक बदल तपासायचा असतो, नुसत्या रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्यावर, संपूर्ण पॅनल म्हणजे बऱ्याच जीनची एकत्र टेस्ट करण्यापेक्षा ते सोपं आणि बऱ्याचदा स्वस्त. तिच्यात तो नसला तर विषय संपला, तिची शक्यता इतर कुठल्याही मुलीसारखी, आणि तिच्या मुलांना तो तिच्याकडून जाणार नाही, हा एक पिढी सोडून पुढच्या पिढीत उगवत नाही. तिच्यात असला तर मात्र वय २८ हे फार मोलाचं वय आहे. अशा मुलींना पंचविशीपासून डॉक्टरकडून तपासणी आणि दरवर्षी स्तनांचा एमआरआय करायला सांगतात, तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राम, आणि मुलंबाळं झाल्यावर चाळीस ते पंचेचाळिसच्या दरम्यान ओव्हरी आणि नळ्या काढून टाकण्याचा विचार करायला सांगतात, कारण ओव्हरीचा कॅन्सर वेळेत पकडणारी धड टेस्ट अजून नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए२ बिघडलेल्या बायकांना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६९ टक्के आणि ओव्हरीचा १७ टक्के निघाली होती, त्यात बहुतेक बायका युरोप अमेरिकेकडच्या, आपल्याकडे आकडा तसाच्या तसा लावता येत नाही, पण हे छोटं प्रकरण नाही एवढं त्यावरून कळतं. लग्न कधी, मूल कधी, नोकरी कुठे, या सगळ्याचा हिशोब तिला या माहितीवर करावा लागेल, आणि तो हिशोब तिचा आहे.

सोयरीक मोडेल ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोडतात, मला माहितीय. पण तिकडच्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं, हे ती ठरवेल, तू नाही आणि काका नाहीत, तुम्ही फक्त तिच्या हातात तिची माहिती द्यायची. तिला एकटीला बसव, आईलाही बोलव हवं तर, रिपोर्ट समोर ठेव, आणि सुरुवातीलाच सांग की अजून काही ठरलेलं नाही, बाबांच्या रक्ताची टेस्ट व्हायचीय, पण तुला माहीत असायला पाहिजे म्हणून आज सांगतोय. आज टेस्ट कर म्हणून तिच्या मागे लागू नको, काही मुलींना लगेच जाणून घ्यायचं असतं काहींना लग्न झाल्यावर, दोन्ही चालतं. आणि टेस्टच्या आधी काउन्सेलरशी बोलणं झालंच पाहिजे, रिझल्ट हातात पडल्यावर नाही. तुझ्या ५ वर्षांच्या मुलाची टेस्ट आत्ता अजिबात करायची नाही, १८ च्या आधी हे तपासत नाहीत, त्याला मोठेपणी स्वतः ठरवू दे.

माझ्या घरातलं एक सांगते. माझी चुलत बहीण ४१ व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने आजारी पडली, आणि तिच्या उपचारांच्या धावपळीत कपाट आवरताना तिच्या वडिलांचे जुने कागद सापडले, त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि मुलींना त्रास नको म्हणून ते मोठ्यांनी आपसात ठेवलं होतं, तिला आम्ही सगळ्यांनी 'मूत्रपिंडाचा आजार' एवढंच सांगितलं होतं, सगळ्यांनी म्हणजे मी पण. त्या दोघांत एकच जीन होता की नाही हे आजही माहीत नाही कारण कोणाचीच टेस्ट झाली नव्हती, कदाचित काही संबंधही नसेल. पण तिने मला विचारलं होतं, तुला माहीत होतं ना, आणि मी हो म्हणाले. म्हणून मी तुला एवढं लांब लिहितेय.

बाबांचं. रक्ताची जेनेटिक टेस्ट त्यांच्या संमतीशिवाय होत नाही आणि होऊ नये, म्हणजे त्यांना सांगावंच लागणार. तुला वाटतं त्यांना माहीत नाही, पण महिन्या-महिन्याला हॉस्पिटलात जाऊन ज्या वॉर्डसमोर रांगेत बसतात तिथली पाटी त्यांना वाचता येत नाही का? बहुतेक त्यांना कळलंय आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते गप्प आहेत. मी जितक्या घरांतून हे बघितलंय तिथे शब्द उच्चारल्यावर माणूस कोसळला असं क्वचितच झालंय, उलट मोकळेपणाने विचारायला लागतो, शेताचं काय, बँकेचं काय. त्यांना हेही सांग की ही टेस्ट त्यांच्या स्वतःच्या उपचारासाठी पण आहे, ते ऐकून त्यांना बरं वाटेल. आणि मुलीसाठी म्हटलंस तर कुठला बाप नाही म्हणेल.

उपचारासाठी कशी ते सांगते, कारण या रिपोर्टात एक चांगली बातमी दडलीय आणि ती तुम्हाला कोणी नीट उलगडून सांगितलेली दिसत नाही. इथे खाजनाचं उदाहरण बाजूला ठेवते. पेशीकडे डीएनए दुरुस्त करायचे एकाहून जास्त रस्ते असतात, बाबांच्या गाठीतल्या पेशींचा बीआरसीए२ वाला रस्ता बंद पडलाय त्यामुळे त्या पार्प नावाच्या दुसऱ्या एका दुरुस्तीवर जगतायत. औषधाने पार्पही बंद केला की त्या पेशींना तुटलेलं जोडता येत नाही आणि त्या मरतात, शरीरातल्या बाकीच्या चांगल्या पेशींचा पहिला रस्ता चालू असल्यामुळे त्या बऱ्यापैकी तरतात. ओलापॅरिब हे या प्रकारचं औषध, अमेरिकेत मे २०२० मधे प्रोस्टेटसाठी मंजूर झालं. ज्या ट्रायलवरून झालं तिच्यात बीआरसीए१, बीआरसीए२ किंवा एटीएम यांतला दुरुस्तीचा एखादा जीन बिघडलेले २४५ पुरुष होते, ॲबिराटेरोनसारख्या हार्मोनच्या नव्या गोळ्या चालेनाशा झालेले, त्यांच्यात आजार थोपून राहायचा काळ ३.६ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, आयुष्य १४.७ वरून १९.१ महिने, हे मधले आकडे, कोणाचं कमी कोणाचं जास्त, आणि फायदा बीआरसीए वाल्यांना सगळ्यात जास्त. महिन्यांचे आकडे वाचून तुझं मन खट्टू होईल, माझंही होतं, पण ही माणसं बाबांच्या बरीच पुढच्या टप्प्यावर होती आणि बाबांचं आत्ताचं औषध अजून चालतंय. नंतर २०२३ मधे निरापॅरिब ॲबिराटेरोनच्या जोडीने देणं पण बीआरसीए वाल्यांसाठी मंजूर झालं, म्हणून डॉक्टरांना विचार की आमच्या केसमधे पार्पची गोळी कधी, आत्ता की ॲबिराटेरोन थकल्यावर. या गोळ्या महाग आहेत, रक्त कमी होणं हा मुख्य त्रास, त्यामुळे हिमोग्लोबिन वरचेवर बघावं लागतं. परवडलं नाही तर कार्बोप्लॅटिनसारखी जुनी केमोही बीआरसीए२ मधे चांगली लागू पडू शकते, तेही विचारून ठेव.

टीपी५३ आणि पीटेन दोन्ही बिघडलेत याचा अर्थ मात्र सरळ सांगते, हा आजार जरा चपळ जातीचा असतो. इंजेक्शनने दबतो पण लवकर डोकं वर काढू शकतो, आणि कधी कधी तर पीएसए न वाढताच वाढतो, गाठीच्या पेशींचं रूप बदलतं आणि त्या पीएसए तयार करायचंच सोडतात. म्हणून पीएसए ९ वर आला, ४ वर आला, एवढ्यावर निर्धास्त राहू नका, भूक गेली, वजन उतरलं, नवीन ठिकाणी दुखायला लागलं, पाय जड झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. शेवटचं जे लिहिलं, पाय जड आणि ताबा सुटणं, ते मणक्यावर दाब आल्याचं लक्षण असतं आणि त्यात तासांचा फरक पडतो, रात्र असली तरी त्याच रात्री बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यायचं.

तुझं स्वतःचं, तुझ्यात बीआरसीए२ निघाला तर चाळिशीपासून दरवर्षी पीएसए, म्हणजे तुझ्याकडे तीन वर्षं आहेत, आणि छातीला हात लावून गाठ बघायची सवय आत्तापासून. नाही निघाला तरी वडिलांना झालंय म्हणून पंचेचाळिसच्या आसपास पीएसए सुरू कर. बाबांच्या रक्तात बीआरसीए२ नाहीच निघाला असंही होऊ शकतं, तेव्हा हा बदल तुम्हा मुलांना येणार नाही हे नक्की, पण आत्या आणि आजीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही, काउन्सेलरला त्यांची नावं वयं सगळं सांगायचंच.

कुठे जायचं, तर गोमेकॉतल्या कॅन्सरच्या ओपीडीतून सुरू कर, तिथून मुंबईला टाटा मेमोरियलच्या जेनेटिक क्लिनिकसाठी चिठ्ठी माग, कॅन्सर जेनेटिक्सचं काम तिथे बऱ्याच वर्षांपासून चालतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेलच, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख, पण जीन टेस्ट त्यात बसते का हे नमुना द्यायच्या आधी विचार, नंतर नाही. मुंबईला जाताना कोकण रेल्वेने जाणार असाल तर कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट, त्याचा फॉर्म हॉस्पिटलच्या डॉक्टरकडून सही शिक्का घेऊन आधी भरून ठेवायचा असतो. जीन टेस्टचा पूर्ण रिपोर्ट घे, पहिलं पान नाही, सगळी पानं, कारण बीआरसीए२ मधे नेमका कुठला बदल आहे तो कोड आत कुठेतरी बारीक अक्षरात असतो आणि बहिणीची, काकांची टेस्ट त्याच कोडवरून होणार. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घे, मागितले की देतात. एका कागदावर आजीपासून सगळ्यांची नावं, कोण कितव्या वर्षी कशाने गेलं, ते लिहून काढ, काकांना शेजारी बसवून लिही, तुमच्या घरात हे सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असणार.